वरचा ऊन, खालचा गार

एक हात वरच्या नळावर, एक हात खालच्या नळावर आणि डोळे मिटलेले. मिस्त्री असे उभे असले की कुणी बोलायचं नाही, हा आमच्या वीजघराचा पहिला नियम होता. वैद्यबुवा नाडी बघतात तसं ते चालायचं. मग डोळे उघडून मिस्त्री निकाल द्यायचे, "वरचा ऊन, खालचा गार. तब्येत बरी हाय." त्यानंतर आमच्याकडं वळून, "बोला मुन्शीजी, तुमचं काय दुखतंय?"

मुन्शीजी म्हणजे मी. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारकुनाला मुन्शी म्हणायची सवय गेली नव्हती. भूमच्या अलीकडचं आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. बार्शीच्या एका शेटजींनी तिथं पत्र्याची शेड बांधून एक डिझेलचं इंजिन आणि एक जनित्र बसवलं होतं. दिवे लागणीला गावात वीज यायची, माणसं झोपायच्या वेळेला जायची. मी बिलं लिहायचो आणि मीटर वाचत हिंडायचो. आमचं घराणं तुळजापूरचं, निम्मे पुजारी आणि निम्मे मास्तर. यंत्र म्हणावं असं आमच्या घरात एक जातं होतं आणि एक घड्याळ, आणि त्यातलं घड्याळ बंद होतं. अशा माणसाला वीजघरात नोकरी देणाऱ्या शेटजींचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मिस्त्री बार्शीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर शिकून आलेले. अंगानं वाळकुडे, मिशा मात्र दोन माणसांच्या. स्वभावानं नम्र वगैरे अजिबात नव्हते. "बार्शीचे दिवे बघितले का? पापण्या मिचकावत्यात नुसते! आमचे बघा. सती-सावित्रीची नजर." हे ते बार्शीच्या माणसालाच ऐकवायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला इंजिनाची ओळख करून दिली, नव्या सुनेला घरातल्या थोरल्या माणसांची करून द्यावी तशी. इंजिनाच्या पोटाला दुहेरी भिंत, आणि त्या दोन भिंतींच्या मधे पाणी. शेडच्या बाहेर भिंतीला लागून पत्र्याची उंच टाकी. पोटाशी तापलेलं पाणी वरच्या नळानं टाकीत जायचं, तिथं निवायचं आणि खालच्या नळानं परत इंजिनाकडं यायचं. पंप नाही, माणूस नाही.

"मग ढकलतं कोण ह्याला?" मी विचारलं.

"ऊब ढकलती," मिस्त्री म्हणाले. "ऊन पाणी हलकं, ते वर चढतंय. गार जड, ते खाली बसतंय. एक गेलं की दुसरं येतंय. फकस्त वरच्या नळाचं तोंड टाकीत बुडालेलं पायजे. तोंड उघडं पडलं की फिरती बंद. मग आत वाफ. आन् वाफ झाली की मी न्हाय, तुमी न्हाय, इंजिन न्हाय."

आमच्या भागातलं विहिरीचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. असं पाणी इंजिनाच्या पोटात गेलं तर आतून खाराचा थर धरतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. म्हणून मिस्त्रींनी शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीनं एका हौदात साठवलं होतं आणि हौदाला कुलूप ठोकलं होतं. टाकीत भरायचं ते हेच पाणी. त्याचं त्यांना कोण कौतुक! न्हाव्याकडं, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, कुठंही पाण्याचा विषय निघाला की हे सुरू. "आमच्या इंजिनाचं पाणी म्हंजे अमृत. दगड टाका, दगड शिजंल. डाळीचं काय घेऊन बसलात!"

खाण्याच्या बाबतीतही इंजिनाचे लाड तसेच. डिझेलची पिंपं बार्शीहून लॉरीतून यायची. आलेलं पिंप लगेच उघडायचं नाही. प्रवासानं ढवळलेलं असतं, त्यातलं पाणी आणि गाळ तळाला बसू द्यायचा. मग वरचं वरचं तेल काढायचं, आणि तेही जुन्या लुगड्याच्या घड्या करून गाळून. तळाचं तेल कधीच इंजिनाला नाही. लुगडी अर्थातच वहिनींची, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोची. त्या मला म्हणायच्या, "भाऊजी, बायांची लुगडी नेसून जुनी व्हत्यात. माझी नेसायच्या आधीच ह्यांच्या नजरेत भरत्यात."

एवढं गाळून तेल भिंतीवरच्या छोट्या टाकीत चढायचं, तिथून नळीनं खाली, आणि शेवटी एका बारीक तोंडाच्या पिचकारीतून इंजिनात. "तेल पेटत न्हाय मुन्शीजी, धुकं पेटतंय," मिस्त्री सांगायचे. "आत हवा अशी आवळती, अशी आवळती, की तीच तापून लाल व्हती. तिच्यात तेलाचं धुकं सोडलं की भडका. काडी लावायला लागत न्हाय." मी मान डोलवायचो. मला आजही डोलवण्यापलीकडं फारसं जमत नाही.

एकदा लुगडं संपलं म्हणून त्यांनी घोंगडीतून तेल गाळलं. घोंगडीची लव तेलात उतरली, पिचकारीचं तोंड तुंबलं आणि ऐन बाजारच्या दिवशी इंजिन खोकून खोकून बंद पडलं. गाव अंधारात. मिस्त्रींनी सगळं सोडवलं, धुतलं, परत जोडलं. मग नळीचा नट थोडा सैल करून तेलातले हवेचे बुडबुडे जाऊ दिले. ह्याला ते 'ढेकर काढणं' म्हणायचे, आणि करायचेही तसंच, तान्ह्या पोराच्या पाठीवर थोपटावं तसं नळीवर बोटानं टकटक करत. शेवटचा बुडबुडा गेला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. ते हलक्या आवाजात म्हणत होते, "चुकलं बरं माझं. घोंगडी व्हती ती." माफी इंजिनाची मागितली. गाव बाहेर त्यांच्या नावानं ओरडत होतं, त्याच्याकडं लक्षही नाही.

वीजघराला लागूनच त्यांची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा. त्यांना एकच मुलगी. इंजिनाच्या धडधडीत ती लहानाची मोठी झाली. पाळण्यात असताना इंजिन बंद पडलं की ती दचकून उठायची आणि रडायला लागायची, असं वहिनी सांगायच्या. पण ह्या मुलीच्या बापानं संध्याकाळ म्हणून घरात कधी घालवली नव्हती. दिवे लागणीला सगळे बाप घरी यायचे, आणि हे घरातून निघायचे. वहिनींचा टोमणा ठरलेला होता, "ह्यांना दोन लेकरं. एक माझ्या पोटचं, आन् एक बार्शीच्या शेटजीचं."

मुलीचं लग्न ठरलं आणि मिस्त्री पहिल्यांदा बेजार झालेले मी पाहिले.

मुलगा चांगला, परांड्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर. खेड्यात वीज नव्हती. मिस्त्री मला म्हणाले, "तिकडं पोरगी जल्मभर कंदिलाची काच पुसणार. निदान लगीन तरी माझ्या उजेडात लागू दे." मांडव वीजघरासमोरच्या मोकळ्या जागेत घालायचा ठरला. दिव्यांच्या माळा सोडायच्या ठरल्या. सगळं ठरलं, आणि भटजींनी मुहूर्त काढला गोरजाचा. म्हणजे गुरं परतायच्या वेळेचा, म्हणजेच इंजिन चालू करायच्या वेळेचा.

मिस्त्री भटजींकडं गेले. मी सोबत होतो.

"जरा मागं-पुढं न्हाय का व्हनार?"

भटजी पंचांगातून मान वर न काढता म्हणाले, "मिस्त्री, सूर्य काय तुमचं इंजिन आहे का? हँडल मारलं की उगवला आणि खटका पाडला की मावळला?"

"मग म्या एकाच वेळी दोन्हीकडं कसा राहू?"

"ते पंचांगात नाही."

घरी वहिनी म्हणाल्या, "आवं, सोपं हाय. कन्यादानाच्या पाटावर इंजिन बसवू, आन् तुमी धडधडत रावा शेडमधी."

त्या रात्री मिस्त्री जेवले नाहीत, असं मला मागून कळलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि माझ्याकडं असं बघू लागले की मला वाटलं, माझ्या धोतरातून तेल गाळता येईल का हे बघतात की काय. "मुन्शीजी," ते म्हणाले, "कन्यादान व्हईस्तोवर इंजिन तुमच्या वटीत."

पुढचे दिवस माझी शिकवणी चालली. डोळे मिटून नळ चाचपायला शिकलो. वरचा नळ किती ऊन चालतो? हात ठेवून 'नमः शिवाय' म्हणता आलं पाहिजे, मधेच हात काढावा लागला तर जास्त. तापलेल्या इंजिनाला गार पाणी द्यायचं नाही, लोखंड तडकतं. सगळ्यात आधी भार काढायचा, म्हणजे खटका पाडून गावाची वीज तोडायची, आणि इंजिन रिकामं हळू चालू ठेवायचं. एकदम बंद केलं तर आतलं पाणी उकळून जातं. मी हे रोज संध्येसारखं म्हणत होतो. आमच्या घरात मला त्या काळात 'इंजिनियर' म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे.

लग्नाच्या दिवशी मिस्त्री नवा फेटा बांधून, मिशांना तेल लावून शेडमध्ये आले. पाव्हण्यांतल्या दोन धट्ट्याकट्ट्या पोरांनी हँडल मारलं, इंजिन लागलं. "तोंड बुडालंय का बघितलं?" त्यांनी विचारलं. मी शिडीवर चढून टाकीत बघून आलो होतो. बुडालं होतं. पोट पुरतं ऊबदार झालं तशी त्यांनी खटका स्वतः ओढला, तेवढा मान त्यांनी मला दिला नाही, आणि फेटा सावरत मांडवात पळाले.

शेडच्या खिडकीतून मला मांडव दिसत होता. झगझगीत उजेडात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, सनई वाजली. मी नळांवर हात ठेवून ऐटीत उभा. वरचा ऊन, खालचा गार. मनात म्हटलं, ह्यात काय एवढं कठीण आहे?

आता मांडवाच्या मागची हकीगत ऐका. मुदपाकाची व्यवस्था मिस्त्रींच्या मेव्हण्याकडं होती. दुपारपासून त्यांची डाळ चुलीवर नुसती नाचत होती, शिजत नव्हती. विहिरीचं पाणी! दोनशे पान जेवायला बसणार आणि डाळ जशीच्या तशी. तेव्हा मेव्हण्याला आपल्या दाजींचे बोल आठवले. दगड शिजंल, डाळीचं काय घेऊन बसलात! हौदाला कुलूप होतं, पण बाहेरची टाकी उघडी होती. त्यानं शिडी लावली. मी टाकीत बघून आल्याच्या आधी नव्हे, तर नंतर, भिंतीच्या त्या बाजूनं, जिकडं मला दिसत नव्हतं. घागरी भरून डाळीला नेलं. डाळ विरघळली. आनंदाच्या भरात मग भातालाही नेलं.

कन्यादान सुरू झालं. मिस्त्रींनी मुलीचा हात हातात घेतला होता, वहिनींनी कलश उचलला होता. पाण्याची धार आता पडणार. इकडं माझ्या तळहाताखालचा वरचा नळ असा तापला की 'नमः'सुद्धा पुरं झालं नाही. खालचा नळ मात्र मेल्यासारखा गार. आणि इंजिनाच्या पोटातून गुडगुड ऐकू यायला लागलं.

मी खिडकीशी धावलो. पण मिस्त्रींची मान माझ्या हाकेच्या आधीच वळलेली होती. आवाज बदललेला त्यांनी सनईतूनही ओळखला होता.

सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. मुलगी तेव्हा हळूच काय म्हणाली ते वहिनींनी मला मागून सांगितलं. ती म्हणाली, "आण्णा, तुमी जावा. म्या समजून घेईन." मिस्त्री पाटावरून अर्धे उठले. मग ते परत पाटावर टेकले, आणि त्यांनी मुलीचा हात आणखी घट्ट धरला.

"मुन्शीजी, खटका पाडा!"

"अहो, पण गाव?"

"बसंल गाव अंधारात! पाडा!"

ज्या माणसानं आपला दिवा कधी मिचकावू दिला नव्हता, त्यानं स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो घालवला. मी खटका पाडला. मांडव, रस्ता, बाजार, सगळं काळोखात बुडालं. मांडवात एक समई तेवढी उरली. तिच्या उजेडात चार हात आणि एक कलश दिसत होता.

"टाकीतलं पाणी कुठं गेलं?" मिस्त्रींचा आवाज.

अंधारातून मेव्हणा बोलला, "दाजी, डाळीला नेलं."

"सगळं?"

"थोडं भाताला."

भटजी म्हणाले, "यजमान, लक्ष इकडं. म्हणा, मम."

"मम. भाताचं आधण चुलीवर हाय का?"

"हाय की, उकळलंय."

"तेच आणा! गार थेंब घालू नका, ऊन पाणीच वता. हळूहळू!"

"यजमान, मम म्हणा."

"मम! आन् त्याची शिडी धरा रं कुनीतरी!"

भाताच्या आधणाचे हंडे मुदपाकातून निघाले. बायका, आचारी, वरपक्षाचे दोन पाव्हणे, जो सापडेल तो. मेव्हणा शिडीवर चढून वाफेत ओतत होता आणि देवाचं नाव घेत होता. मी आत काळोखात, रिकाम्या इंजिनाच्या मंद धडधडीत, नळांवर हात ठेवून उभा. तिकडं भटजींचा मंत्र आणि इकडं माझा, दोन्ही एकाच वेळी चालू होते. हळूहळू गुडगुड थांबली. मग खालच्या नळात किंचित ऊब आली, आणि वरच्या नळावर मला हात टेकवता आला. पाणी फिरू लागलं होतं.

"फिरतंय!" मी खिडकीतून ओरडलो.

मला वाटलं, आता ते उठून पळत येतील. मी जागासुद्धा करून ठेवली. पण ते हलले नाहीत. "धरून रावा नळ. मी सांगतो तवा खटका वडा," एवढंच म्हणाले. वहिनींच्या कलशातून धार पडली, मुलीच्या हातावरून जावयाच्या हातावर गेली. भटजींनी शेवटचा मंत्र म्हटला. मिस्त्रींनी मुलीचा हात सोडला. सोडला म्हणजे, वहिनींनी त्यांचं मनगट धरून तो सोडवला.

मग ते म्हणाले, "हां. वडा."

मी खटका ओढला. मांडवातल्या माळा, रस्त्यावरचे खांब, बाजारपेठ, पार वेशीपर्यंत सगळं एका दमात उजळलं. खिडकीतून मला मिस्त्रींचं तोंड दिसलं. फेटा मागं सरकलेला, मान वर, तोंड उघडं. मला वाटलं, ते दिव्यांत काही खोट शोधतायत.

"असे लागतात व्हय!" ते म्हणाले.

इतकी वर्षं रोज त्या माणसानं गावाचे दिवे लावले होते आणि रोज तो त्या वेळी आत, खटक्याशी असायचा. बाहेर उभं राहून गाव उजळताना त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. मुलगी त्यांच्याकडं बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. "व्हय आण्णा," ती म्हणाली, "रोज असेच लागतात."

त्या रात्री मिस्त्री शेडमध्ये आलेच नाहीत. विहिणींच्या पंगतीत आग्रह करत हिंडले. भात फार उशिरा झाला, पण डाळीबद्दल वरपक्षाकडून एक शब्द निघाला नाही, उलट दोनदा मागितली गेली. जराशी तांबूस होती म्हणतात. मी इंजिनाशी उभ्या उभ्याच जेवलो आणि मला ती फार आवडली. आमच्या घरात ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की सांगत सांगत इथवर आलो की माझी मुलगीच म्हणते, "आणि बाबांनी तिसऱ्यांदा मागितली."

पुढं आमच्या गावात मोठ्या तारांची वीज आली. शेटजींनी इंजिन बार्शीकडच्या एका तेलगिरणीला विकलं. गिरणीनं मिस्त्रींनाही बोलावलं होतं. पण ते वहिनींना घेऊन मुलीच्या गावी गेले. जावयानं आग्रहच केला होता.

मी तिथं दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवेलागण झाली, तशी मुलगी कंदील घेऊन ओट्यावर आली. मिस्त्री आतून उठून बाहेर आले आणि पायरीवर बसले. तिनं काच वर केली, काडी हातात घेतली आणि थांबली. "आण्णा, बसला का नीट? लावू?" "लाव," ते म्हणाले, आणि वात धरेपर्यंत बघत राहिले. मग समाधानानं माझ्याकडं वळले आणि तेलगिरणीवाल्यांनी इंजिनाला विहिरीचं पाणी पाजलंय म्हणून त्यांना शिव्या देऊ लागले.

दुसऱ्यांदा मी गेलो तो त्यांच्या तेराव्याला. संध्याकाळी पाव्हणे पांगले होते. मुलगी कंदील घेऊन ओट्यावर आली. काच वर केली, काडी ओढायला हात उचलला आणि तसाच धरून राहिली. पायरीकडं तिनं एकदा पाहिलं. मग काडी ओढली आणि वात लावली.